अनवाणी शाळेत गेला म्हणून हाकललेल्या पोराचं सूत्र, आज सूर्याच्या पोटातलं लोखंड मोजताना लागतंच

भंडारा म्हटलं की काय आठवतं? धान, तलाव आणि पितळी भांडी.

आता पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. भट्टीत साधारण ९०० ते ९५० अंशांच्या आसपास ते वितळतं. त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून पितळ ओतताना पांढरा धूर निघताना दिसतो. इथपर्यंत सगळं आपल्या डोळ्यासमोरचं.

पण समजा, हीच भट्टी हजार अंशांवर न थांबता वीस लाख अंशांपर्यंत नेली तर धातूचं काय होईल?

वितळेल, वाफ होईल, हे सोपं उत्तर. पुढचं उत्तर असं की त्या वाफेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन एकेक करून सुटायला लागतील. सुटे इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉन गमावलेले अणू यांची जी खिचडी तयार होते, तिला प्लाझ्मा म्हणतात. अशा तापलेल्या धातूच्या प्लाझ्मातून क्ष-किरण सोडले, म्हणजे दवाखान्यात एक्स-रे काढतात तेच किरण, तर त्यातले किती अडतील आणि किती पार जातील?

प्रश्न ऐकायला प्रयोगशाळेतला वाटतो. पण सूर्याच्या पोटातली उष्णता बाहेर कशी येते, तो किती काळ तळपणार, हा सगळा हिशोब या प्रश्नाच्या उत्तरावर टिकून आहे.

आणि या उत्तराची सुरुवात होते बंगालमधल्या एका किराणा दुकानदाराच्या पोरापासून. नाव, मेघनाद साहा.

गाय सांभाळ, ताट धू, मग शाळेत जा

६ ऑक्टोबर १८९३. ढाक्याजवळच्या शेवडातली नावाच्या खेड्यात मेघनाद यांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ साहा यांचं छोटं किराणा दुकान. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. पोरानं थोडं लिहा-वाचायला शिकावं आणि गल्ल्यावर बसावं, एवढीच घरच्यांची अपेक्षा.

गावात फक्त प्राथमिक शाळा होती. पुढची शाळा काही मैलांवर सिमुलिया गावात. रोज जाणं-येणं शक्य नाही आणि बाहेर ठेवायला पैसे नाहीत. तेव्हा अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. अट एवढीच की स्वतःचं ताट स्वतः धुवायचं आणि घरची गाय सांभाळायची.

मेघनाद यांनी दोन्ही केलं आणि जिल्ह्यात पहिला नंबर काढून शिष्यवृत्ती मिळवली.

१९०५ मध्ये ते ढाक्याच्या कॉलेजिएट शाळेत आले. वर्ष लक्षात घ्या, हे बंगालच्या फाळणीचं वर्ष. वातावरण तापलं होतं. गव्हर्नर फुलर शाळेच्या भेटीला येणार होते आणि पोरांनी बहिष्कार टाकला. मेघनाद त्या दिवशी अनवाणी शाळेत गेले. तो गव्हर्नरचा अपमान ठरवला गेला. शाळेनं त्यांना काढून टाकलं आणि शिष्यवृत्तीही गेली.

बारा वर्षांच्या गरीब पोरासाठी शिष्यवृत्ती जाणं म्हणजे शिक्षण संपणं. पण किशोरीलाल ज्युबिली शाळेनं त्यांना घेतलं. थोरला भाऊ ताग कंपनीत नोकरीला होता, तो आपल्या पगारातून पैसे पाठवत राहिला. १९०९ च्या एंट्रन्स परीक्षेत मेघनाद पूर्व बंगालमधून पहिले आले.

हॉस्टेलमध्ये पंगत वेगळी

१९११ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रे. वर्गात सत्येंद्रनाथ बोस. बीएस्सी आणि एमएस्सी दोन्हीला बोस पहिले आणि साहा दुसरे.

वर्गात ही जोडी चमकत होती, पण हॉस्टेलवर वेगळंच चालू होतं. साहा ज्या जातीत जन्मले तिला तिथले उच्चवर्णीय विद्यार्थी खालची मानायचे. ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये त्यांनी आपल्या पंगतीला बसू नये म्हणून काही जणांनी हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना बाजूला ठेवलं गेलं. गणितात देशातल्या हुशार पोरांपैकी एक असलेला विद्यार्थी विद्येच्या देवतेच्या पूजेला मात्र चालत नव्हता.

शिक्षण झाल्यावर त्यांना सरकारच्या वित्त सेवेची परीक्षा द्यायची होती. क्रांतिकारकांशी ओळखी असल्याच्या संशयावरून परवानगीच मिळाली नाही. पक्क्या पगाराच्या सरकारी नोकरीचा रस्ता बंद झाला.

भारतीय विज्ञानासाठी मात्र ही लॉटरी ठरली. १९१६ मध्ये आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात घेतलं. साहा होते गणिताचे, शिकवायला लागले भौतिकशास्त्र. रात्री स्वतः शिकायचं आणि सकाळी वर्गात शिकवायचं, असा प्रकार. आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरचे शोधनिबंध जर्मनमधून इंग्रजीत आणण्याचं कामही याच काळात साहा आणि बोस यांनी केलं. ते पुस्तक १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठानं छापलं.

१९१७ चा एक किस्सा तर मुद्दाम सांगायला पाहिजे. प्रकाशाच्या दाबावरचा एक मोठा निबंध साहांनी अमेरिकेतल्या नामांकित खगोल नियतकालिकाला पाठवला. उत्तर आलं की छपाईच्या खर्चाचा काही भाग तुम्ही उचला. साहांकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटी तो निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला आणि जगाच्या नजरेत फारसा आलाच नाही. पुढे त्याच विषयावर काम करून इतरांनी नाव कमावलं.

ते सूत्र नेमकं आहे काय?

आता मूळ मुद्दा.

गॅसच्या शेगडीवर मीठ सांडलं की ज्योत पिवळी होते, हे घरात सगळ्यांनी पाहिलंय. तो रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचा असा स्वतःचा ठसा असतो. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे कुठल्या मूलद्रव्यानं कुठला प्रकाश गिळला, त्याच्या खुणा.

पण १९२० च्या आधी एक मोठा गोंधळ होता. काही ताऱ्यांत कॅल्शियमच्या रेघा ठळक, काहींत गायबच. सूर्यावर रुबिडियम, सीझियम सापडत नव्हते. मग प्रत्येक तारा वेगवेगळ्या मालाचा बनलाय की काय?

साहांनी सांगितलं की माल जवळपास सारखाच आहे, फरक भट्टीचा आहे.

तापमान वाढलं की अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो. एक इलेक्ट्रॉन गेलेलं कॅल्शियम साध्या कॅल्शियमपेक्षा वेगळ्या रेघा दाखवतं. त्यामुळे रेघ दिसत नाही म्हणजे मूलद्रव्य नाही असं नाही. त्यानं फक्त रूप बदललंय.

इथे दुसरी गंमत आहे. इलेक्ट्रॉन सुटणं फक्त तापमानावर ठरत नाही, गर्दीवरही ठरतं. बाजाराच्या दिवशी गर्दीत चुकलेला माणूस दहा पावलांवर कोणाला तरी भेटतोच. मोकळ्या माळरानावर चुकला तर कोण भेटणार? तसंच दाब कमी असेल तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत अणू सापडायला वेळ लागतो. म्हणून सूर्याच्या वरच्या विरळ थरात कॅल्शियम इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत भरपूर दिसतं.

साहांचं सूत्र तीन गोष्टी विचारतं. तापमान किती, दाब किती आणि त्या अणूचा इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा किती लागते? या तीन आकड्यांवरून ते सांगतं की शंभरातल्या किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलाय.

यामागेही एक लोखंडाची गोष्ट आहे. १९१९ मध्ये जॉन एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञानं रसायनशास्त्रातलं एक समीकरण ताऱ्याच्या पोटातल्या लोखंडाला लावून पाहिलं होतं. पण इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, याचे त्याचे आकडे अंदाजाचे होते. साहांनी तो निबंध वाचला आणि नेमकी मेख पकडली. अंदाजाच्या जागी प्रयोगशाळेत मोजलेले आकडे टाकले आणि कुठल्याही अणूला लावता येईल असं सूत्र बसवलं. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये सूर्याच्या वर्णगोलावरचा त्यांचा निबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझीनमध्ये छापून आला. वय होतं २७.

त्यांनी एक भाकीतही केलं. सूर्यावर रुबिडियम सापडत नाही, कारण तिथल्या उष्णतेत त्याचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. पण सूर्यावरचे डाग तुलनेनं थंड असतात, तिथे शोधा. अमेरिकेच्या हेन्री नॉरिस रसेल यांनी शोधलं आणि रुबिडियम सापडलं.

पुढे १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीनं हेच सूत्र वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेत. तोवर बहुतेकांना वाटायचं की सूर्याचा माल पृथ्वीसारखाच असणार.

आणि क्ष-किरणांचं काय?

सूर्याच्या गाभ्यात तयार झालेली ऊर्जा बराचसा प्रवास क्ष-किरणांच्या रूपात करते. वाटेत लोखंडासारखे जड अणू हे किरण गिळतात आणि पुन्हा सोडतात. सूर्यात साधारण तीस हजार हायड्रोजन अणूंमागे लोखंडाचा फक्त एक अणू आहे. तरी केंद्रापासून सत्तर टक्के अंतरावर, जिथे तापमान वीस लाख अंशांच्या घरात असतं, तिथल्या एकूण अडवणुकीत लोखंडाचा वाटा साधारण पाव आहे. म्हणजे भरलेल्या सभागृहात एकच माणूस, पण दारात आडवा उभा.

असं का? लोखंडाकडे २६ इलेक्ट्रॉन. तेवढ्या उष्णतेत त्यातले सोळा-सतरा सुटतात आणि नऊ-दहा उरतात. हे उरलेले इलेक्ट्रॉनच क्ष-किरण गिळतात. किती उरलेत हे कळल्याशिवाय किती गिळणार हे कळत नाही. आणि किती उरलेत, हाच तर साहांचा प्रश्न. फरक इतकाच की ताऱ्याच्या पोटात गर्दी प्रचंड असते, अणू एकमेकांना खेटलेले असतात. म्हणून आजची संगणकी मॉडेल्स साहांच्या मूळ सूत्रात बऱ्याच दुरुस्त्या करून किंवा त्याला जोड देऊन वापरतात.

मॉडेल झालं, पण मोजायचं कसं? अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत झेड नावाचं अजस्र यंत्र आहे. त्यात टंगस्टनच्या बारीक तारांमधून एका झटक्यात प्रचंड वीज सोडतात. तारांचा प्लाझ्मा होऊन आत कोसळतो आणि क्ष-किरणांचा स्फोट होतो. वर ठेवलेला लोखंडाचा अतिपातळ पापुद्रा त्या किरणांनीच तापतो आणि त्याच किरणांत त्याचा एक्स-रेही निघतो. लोखंडात थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. त्याच्या रेघांवरून तापमान आणि घनता कळते.

हिशोबाचं तत्त्व सोपं आहे. एका थरातून निम्मे किरण पार गेले, तर तसेच दोन थर ठेवल्यावर पाव भाग जातो आणि तीन ठेवल्यावर आठवा. किती आत गेले, किती बाहेर आले आणि थर किती जाड, यावरून अडवणूक काढतात.

जानेवारी २०१५ मध्ये याचे निकाल आले आणि सगळे चक्रावले. १९ ते २३ लाख अंशांना लोखंडानं मॉडेलच्या अंदाजापेक्षा जास्त क्ष-किरण गिळले. किती जास्त? किरणांच्या लांबीनुसार ३० ते ४०० टक्के. २०१९ मध्ये क्रोमियम आणि निकेलवरही मोजमापं आली, पण लोखंडाचं कोडं पूर्ण सुटलं नाही. साहांनी उघडलेलं खातं शंभर वर्षांनंतरही चालूच आहे.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. भंडाऱ्याशेजारच्या नागपूर विद्यापीठात प्रा. सी. मांडे यांनी धातू क्ष-किरण कसे गिळतात, यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आणि विद्यार्थी घडवले. इंदूरच्या इंडस-२ यंत्रावरही असं मोजमाप होतं. तिथले धातू सूर्याएवढे तापलेले नसतात, पण किती आत गेले आणि किती बाहेर आले, हा प्रश्न तोच.

मुंबईतलं भाषण, दामोदर आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

सूत्र दिल्यावर साहा लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर आणि बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्याकडे जाऊन आले. १९२३ ते १९३८ अलाहाबादला प्राध्यापक होते. जुन्या पिढीतल्या बीएस्सीवाल्यांना साहा आणि श्रीवास्तव यांचं उष्णतेवरचं जाडजूड पुस्तक आठवत असेल, ते हेच साहा. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलसाठी अनेकदा नाव गेलं, पण मिळालं नाही.

१९३४ मध्ये मुंबईला भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, अध्यक्ष होते साहा. तोवर त्यांना ताऱ्यांइतकीच जमिनीवरच्या प्रश्नांची काळजी वाटायला लागली होती. विशेषतः पुराची. पूर बंगालच्या पोरानं पूर पुस्तकात वाचलेला नसतो, अंगणात बघितलेला असतो.

१९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुरानं कलकत्त्याचा संपर्क तोडला. चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्यासारखं एकच महामंडळ इथेही हवं, हा आग्रह त्यांनी लावून धरला. तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात श्रम आणि वीज खातं कोणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला दामोदरवरची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं. पंगतीतून उठवलेला शास्त्रज्ञ आणि पाणवठ्यावरून हाकललेला कायदेपंडित, दोघंही एकाच नदीच्या पाण्यासाठी काम करत होते.

१९५२ मध्ये साहा कलकत्त्यातून लढले आणि लोकसभेत गेले. बाबासाहेब त्या निवडणुकीत मुंबईत हरले. १९५४ मध्ये ते पोटनिवडणुकीला उभे राहिले ते आपल्या भंडाऱ्यातून. तिथेही काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून त्यांचा पराभव झाला. भंडाऱ्यानं वेगळा कौल दिला असता तर हे दोघं लोकसभेच्या एकाच सभागृहात बसलेले दिसले असते.

त्याच वर्षी लोकसभेत साहा अणुऊर्जेवर बोलायला उभे राहिले. १९४८ च्या अणुऊर्जा आयोगात होमी भाभा होते, साहा नव्हते. आधी विद्यापीठांत माणसं तयार करा, संशोधन गुप्ततेच्या भिंतीआड आणि एकाच ठिकाणी कोंडू नका, ही साहांची भूमिका. सरकारनं भाभांचा मार्ग निवडला. साहा हा वाद हरले. पण १९५० मध्ये कलकत्त्यात त्यांनी उभारलेली अणुभौतिकी संस्था आज त्यांच्याच नावानं चालते.

शेवटचं काम, तारखेचं

साहांचं एक काम आजही रोज आपल्यासमोर येतं. १९५२ मध्ये सरकारनं त्यांना दिनदर्शिका सुधारणा समितीचं अध्यक्ष केलं. देशात तेव्हा तीसेक पंचांगं चालत होती आणि एकाच सणाच्या तारखा वेगवेगळ्या यायच्या. समितीनं सूर्याच्या गतीवर आधारलेलं, शक संवत्सराचं एकच कॅलेंडर सुचवलं. आपल्या मराठी पंचांगावर शके लिहायची पद्धत आहे, तोच शक. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ते राष्ट्रीय कॅलेंडर म्हणून लागू झालं.

ते बघायला साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ ला दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे चालत जाताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते रस्त्यातच गेले. वय ६२. त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरला बाबासाहेबही गेले.

साहांच्या शाळेनं त्यांच्या पायात चपला नाहीत हे पाहिलं, हॉस्टेलनं जात पाहिली, नियतकालिकानं खिसा पाहिला. त्यांनी मात्र ताऱ्याकडे पाहताना एकच गोष्ट सांगितली. वरून दिसणारं रूप वेगळं असलं तरी आतला माल वेगळा असेलच असं नाही, आधी भट्टी किती तापलीय ते बघा.

पुढच्या वेळी भंडाऱ्यात पितळेच्या भट्टीवरचा पांढरा धूर दिसला, तर हे लक्षात ठेवा. त्या भट्टीपासून सूर्याच्या पोटापर्यंत जाणारा हिशोबाचा रस्ता एका किराणा दुकानदाराच्या पोरानं बांधून ठेवलाय.